मोठा मासा कुठे बसतो?

परभणीहून परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर ‘पोखर्णी नृसिंह’ नावाचे एक छोटे स्थानक आहे. गावाची ओळख नृसिंहाच्या देवळामुळे, म्हणून स्थानकाच्या पाटीवरही देवाचे नाव गावाच्या नावाला जोडून आले. नावाचा पहिला भाग मात्र देवाकडे जात नाही, पाण्याकडे जातो. संस्कृतात पुष्करिणी, प्राकृतात पोक्खरणी आणि मराठीच्या तोंडी पोखरणी, पोखर्णी अशी त्या शब्दाची वाट आहे. हिंदीतला पोखर आणि नेपाळातले पोखरा शहर याच कुळातले. पुष्कर म्हणजे कमळ. तेव्हा पुष्करिणी म्हणजे पानांनी, देठांनी आणि मुळांनी गजबजलेले तळे. ज्या कोणी हे नाव ठेवले त्याला पाणी आणि पाणवनस्पती वेगवेगळ्या दिसत नव्हत्या.

मराठवाड्याच्या पाण्याबद्दल आपण लिहितो ते बहुधा त्याच्या नसण्याबद्दल. १९७२चा दुष्काळ, टँकरच्या रांगा, २०१६ साली मिरजेहून लातूरला गेलेली पाण्याची रेल्वे. हे सगळे खरे आहे आणि लिहिलेच पाहिजे. पण जेव्हा पाणी असते तेव्हा त्यात कोण राहते, त्याला कोण ओळखते, हा इतिहासही याच प्रदेशाचा आहे. त्याच्याकडे जाण्यासाठी मी एक साधा, जवळजवळ पोरकट वाटणारा प्रश्न निवडला आहे. पावसाने फुगलेल्या, गवत आणि शेवाळ माजलेल्या तळ्यात मोठा मासा नेमका कुठे बसतो? लहान मासे सगळीकडे असतात. मोठा मासा मोजक्या जागी असतो आणि त्या जागा माहीत असणे हे एक शास्त्रच आहे. दख्खनमध्ये हा प्रश्न राजाने विचारला, कर्नलने विचारला, कलेक्टरने विचारला, आणि त्या सर्वांच्या आधीपासून भोयांनी विचारला. प्रत्येकाचे उत्तर निराळे आले.

राजाचा गळ

पोखर्णीपासून जवळजवळ सरळ दक्षिणेला, दीडशे किलोमीटरांच्या आत, कल्याणी आहे; आजचे बसवकल्याण. बाराव्या शतकात ती चालुक्यांची राजधानी होती. सहाव्या विक्रमादित्याचा मुलगा तिसरा सोमेश्वर याने इ.स. ११२९ ते ११३१च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. ‘अभिलषितार्थचिंतामणी’ हे त्याचेच दुसरे नाव. पाच विंशती, म्हणजे वीस-वीस प्रकरणांचे पाच भाग. राज्य कसे मिळवावे इथपासून हत्ती, रत्ने, स्वयंपाक, चित्रकला, संगीत इथपर्यंत राजाने जे जे जाणावे ते त्यात आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी तो संपादित केला. पहिला खंड १९२५ साली निघाला आणि तिसरा १९६१ साली.

मराठी वाचकाला हा ग्रंथ दोन कारणांनी माहीत असतो. महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, ही नोंद त्यात आहे. शिवाय त्यात उदाहरण म्हणून आलेल्या काही गीतपंक्ती जुन्या मराठीचा नमुना म्हणून अभ्यासक दाखवतात. त्या पंक्ती मत्स्यावताराच्या आहेत. रसातळातून वेद वर आणणाऱ्या माशाच्या. मराठीच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत मासा आहे, ही गोष्ट आपण फारशी बोलत नाही.

त्याच ग्रंथाच्या चौथ्या विंशतीत, विनोदांच्या म्हणजे राजाच्या करमणुकींच्या भागात, ‘मत्स्यविनोद’ आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यावर लिहिले, तेव्हा माशांच्या अभ्यासकांचे तिकडे लक्ष गेले. इंग्रजीत गळाच्या शिकारीवरचा पहिला छापील प्रबंध १४९६चा आणि आयझॅक वॉल्टनचे गाजलेले पुस्तक १६५३चे. मत्स्यविनोद त्यांच्या कितीतरी आधीचा.

त्यात तीसहून अधिक मासे नावानिशी येतात. त्यांची विभागणी खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे, समुद्रातले आणि नदीतले, मोठे आणि लहान अशी केली आहे. काठी, दोरी आणि गळ यांचे वर्णन आहे. कोणत्या माशाला कोणते आमिष, हेही आहे. पण मला महत्त्वाचे वाटते ते माशांना चारा घालण्याचे प्रकरण. तिळाचे आणि पिठाचे गोळे करून ठरावीक जागी माशांना घालायचे, त्यांना त्या जागेची सवय लावायची, त्यांना पुष्ट करायचे, आणि मग तिथे गळ टाकायचा.

म्हणजे ‘मोठा मासा कुठे बसतो’ या प्रश्नाला राजाने दिलेले उत्तर असे की तो आपण बसवू तिथे बसतो. सोमेश्वर माशाला शोधत नाही, बोलावतो. गवताळ तळ्यात यामागे व्यवहारही दिसतो. शेवाळात दोरी अडकते. मोठा मासा गळाला लागला की तो थेट गवतात शिरतो आणि दोरी तोडतो. तेव्हा त्याला मोकळ्या पाण्यावर आणणे हाच शहाणपणा. रोहितासारख्या चरणाऱ्या माशाबाबत हे उत्तर आजही चालते. कणकेचा गोळा लावून बसणारा प्रत्येक माणूस नकळत सोमेश्वराच्याच पद्धतीने बसलेला असतो. मात्र जो मासा गोळ्याकडे ढुंकूनही पाहत नाही, जिवंत हलणारे भक्ष्यच धरतो, त्याला चारा घालून बोलावता येत नाही. त्याला शोधावेच लागते.

मत्स्यविनोदात चारा घालणाऱ्यांची, दोरी वळणाऱ्यांची, तळ्याची खबर आणणाऱ्यांची नावे नाहीत. राजग्रंथात ती असण्याची अपेक्षाही नसते. पण तीसहून अधिक माशांची नावे, सवयी आणि आवडी राजाला पाण्यात उतरून कळल्या नसणार, हे उघड आहे.

कर्नलची वही

नंतरची सात शतके ओलांडून आपण कर्नल विल्यम हेन्री साइक्सपाशी येऊ. मुंबई सरकारचा सांख्यिकी वृत्तांतकार म्हणून तो १८२४ ते १८३१ या काळात दख्खनभर फिरला. पिके, बाजारभाव, पाऊस, पक्षी, सस्तन प्राणी, सगळे त्याने नोंदले. दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे १८३८ साली वाचला गेला आणि त्यातल्या जातींची वर्णने १८३९पासून छापील रूपात आली.

या निबंधाची एक खोड मराठी माणसाला लगेच जाणवते. साइक्सने कितीतरी माशांना शास्त्रीय नाव देताना मराठी नावच लॅटिनच्या रांगेत नेऊन बसवले. खुद्री, मुसुल्ला, कोलुस, पोटैल, बोग्गुट, सींघाला. यांतली बरीच आजही जगभरच्या शास्त्रात तशीच चालतात. खडशी म्हणून आपण ओळखतो तो महाशीर शास्त्रात ‘खुद्री’ आहे. कोळस ‘कोलुस’ आहे. शिंगाळा ‘सींघाला’ आहे. थोबाडावर विचित्र खाच असलेल्या एका माशाला त्याने ‘नुक्ता’ म्हटले. मराठी कानाला त्यात ‘नकटा’ ऐकू येतो.

नावे ही अशी उगाच वहीत येत नाहीत. कोणीतरी काठावर मासा हातात धरून उभा असतो, गोरा साहेब ‘याला काय म्हणतात’ विचारतो, आणि तो माणूस सांगतो. घोड, मुळा-मुठा, इंद्रायणी या नद्यांच्या काठी हे संवाद झाले. शास्त्राच्या नियमाप्रमाणे आज या नावांपुढे ‘साइक्स, १८३९’ लिहितात. नाव सांगणाऱ्याचे नाव लिहिण्याचा नियम नाही.

साइक्सला मोठा मासा कुठे बसतो याच्याशी कर्तव्य नव्हते. तो काय आहे, त्याला खवले किती, परांतले काटे किती, हा त्याचा प्रश्न. पण ज्या भाषेत नकटा, शिंगाळा, कोळस अशी रूपावरून आणि रंगावरून नावे पडली, त्या भाषेत माशांकडे बारकाईने पाहणारी माणसे होती, याचा लेखी पुरावा त्याच्यामुळे राहिला.

तळ्याकाठचा कलेक्टर

तळ्यातल्या माशाला शोधण्याचा विषय पुस्तकाच्या रूपात आणला तो मद्रास इलाख्याच्या मुलकी सेवेतल्या हेन्री सलिव्हन थॉमसने. दक्षिण कानडा जिल्ह्याचा तो कलेक्टर होता. ‘द रॉड इन इंडिया’ हे त्याचे पुस्तक १८७३ साली आले आणि नद्यांतल्या महाशीरमुळे गाजले. १८८७मध्ये त्याने दुसरे पुस्तक लिहिले, ते केवळ तळ्यांवर: ‘टँक अँगलिंग इन इंडिया’. डोंगरातल्या खळाळत्या नदीकाठी जायला रजा लागते, तळे मात्र प्रत्येक ठाण्याच्या गावाशेजारी असते, असा त्यामागचा हिशेब. कमळांनी आणि शेवाळाने भरलेले दक्षिणेतले तळे इंग्रजी वाचकासमोर शिकारीची जागा म्हणून उभे राहिले ते इथे.

याच काळात दुसरे एक काम चालू होते. डॉ. फ्रान्सिस डे याने गोड्या पाण्यातल्या माशांवरचा अहवाल १८७३मध्ये सरकारला दिला आणि पुढे १८७५ ते १८७८ या वर्षांत ‘द फिशेस ऑफ इंडिया’ प्रसिद्ध केले. बारीक आसांची जाळी आणि विणीच्या माशांचा संहार यांविषयी त्याची तक्रार होती. या चर्चेतून अखेर १८९७चा भारतीय मत्स्योद्योग कायदा आला आणि सुरुंगाची दारू व विष वापरून मासे मारणे गुन्हा ठरले. तो ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात.

मासे वाचवण्याची सरकारी आज्ञा या देशात तेव्हा नवी होती असे मात्र नाही. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात न मारण्याच्या प्राण्यांच्या यादीत मासे नावाने आहेत, आणि चातुर्मासाच्या व इतर ठरावीक पर्वदिवशी मासे मारू नयेत, विकूही नयेत, असे सांगितले आहे. बावीसशे वर्षांपूर्वीच्या त्या लेखात ‘कोणता मासा’ आणि ‘कोणता दिवस’ हे दोन्ही प्रश्न एकत्र विचारलेले दिसतात. ते एकत्र का विचारावे लागतात, हे मरळीपाशी आल्यावर कळते.

मरळीचा श्वास

मराठवाड्याच्या गवताळ तळ्यातला खरा मोठा मासा म्हणजे मरळ. सापासारखे डोके, गोल लांबट अंग, शेपटीच्या मुळाशी कडे असलेला डोळ्यासारखा ठिपका. मोठी मरळ मीटरभराहून लांब होते. शास्त्रातले ‘मारुलिअस’ हे नाव फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ साली गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात दिले. तेही बोलीतूनच उचललेले दिसते.

मरळ कल्ल्यांबरोबर हवेनेही श्वास घेते. डोक्यात कल्ल्यांच्या वर तिला हवेची पोकळी असते आणि ठरावीक वेळाने वर येऊन तिला हवा गिळावीच लागते. पृष्ठभागाशी येऊ दिले नाही तर पाण्यातला हा मासा पाण्यातच गुदमरून मरतो. म्हणून शेवाळ कुजून पाण्यातला प्राणवायू उतरतो, रोहू-कटल्याचा जीव घाबरतो, अशा ठिकाणीही ती टिकते. आणि याच गुणामुळे ती सापडते.

गोदावरीकाठच्या जुन्या भोई मंडळींशी बोलत बसलो की शोधाची ही रीत हळूहळू उलगडते. पहिली गोष्ट म्हणजे वाट पाहणे. तळ्याच्या काठी, सावली पाण्यावर पडणार नाही असे बसायचे आणि शेवाळातली भोके बघायची. लहान मासा वर आला की टपकन आवाज होतो आणि वलय लगेच विरते. मोठी मरळ सावकाश येते, पाणी नुसते फुगल्यासारखे होते आणि मागे बुडबुड्यांची ओळ राहते. एकदा वर आलेली मरळ बहुधा त्याच भागात पुन्हा येते. तेव्हा ती जागा लक्षात ठेवायची.

दुसरी गोष्ट कडा. दाट गवताच्या पोटात मोठा मासा नसतो, तसाच उघड्या पाण्याच्या मध्यावरही नसतो. गवत संपते आणि पाणी मोकळे होते त्या काठावर तो तोंड बाहेर करून थांबतो. मरळ पाठलाग करणारी नाही, दबा धरणारी आहे. बेडूक, लहान मासे, कीटक या कडेनेच ये-जा करतात. त्यातही जिथे गवताची जात बदलते, पाणकणसाला लागून कमळ सुरू होते किंवा लव्हाळ्यात एखादी वाट फुटते, ती जागा अधिक चांगली.

तिसरी गोष्ट पाण्याखालची जमीन. उन्हाळ्यात तळे आटलेले असताना ज्याने ते पायाखाली घातले, त्यालाच पावसाळ्यात मासा सापडतो. जुना ओढा कुठून वाहत होता, बांध कुठे होता, विहिरीचे तोंड कुठे आहे, बाभळीचे खोड कुठे पडले आहे, हे डोक्यात असावे लागते. तळे भरले की वरून सगळे सारखे दिसते. माशाला ते तसे दिसत नाही.

चौथी खूण सर्वांत सोपी आणि सर्वांत घातक. पावसाळ्यात नर-मादी मिळून काठच्या उथळ पाण्यात गवत बाजूला सारून वाटोळी जागा करतात आणि अंडी घालतात. पिल्ले बाहेर पडली की हजारोंच्या घोळक्याने पृष्ठभागाशी फिरतात. मोठ्या मरळीची ही पिल्ले तांबूस-नारिंगी असतात. दुरून पाहिले तर पाण्यात गुलाल सांडून तो सरकत चालला आहे असे वाटते. त्या तांबड्या ढगाखाली, हातभर खोलीवर, आईबाप असतात. ते पिल्लांना सोडून जात नाहीत. जवळ येणाऱ्या कशावरही झडप घालतात. घोळक्यावरून बेडूक किंवा चकाकणारे काहीही ओढले की मोठी मरळ गळाला लागलीच म्हणून समजावे.

आणि ती लागली की पिल्लांचे काय होते, तेही काठावर बसून पाहता येते. राखण गेल्यावर इतर मासे, पाणसाप, बगळे यांना तो ढग मोकळा सापडतो आणि बघता बघता विरळ होतो. मोठा मासा शोधण्याची सर्वांत खात्रीची युक्ती हीच तो संपवण्याची सर्वांत खात्रीची युक्ती आहे. मी ज्यांच्याशी बोललो त्यांतल्या वयस्कांना हे पुरते ठाऊक होते. पिल्लांवरची मरळ मारू नये, असे त्यांच्यात म्हणतात. तंगूस आणि प्लॅस्टिकचा बेडूक घेऊन शहरातून येणाऱ्या हौशी तरुणांपर्यंत युक्ती पोचली आहे, तिच्याबरोबरचा नकार पोचलेला नाही.

बुडालेल्या जमिनीवर

विसाव्या शतकात प्रश्नातले तळेच बदलले. पूर्णा नदीवर जिंतूर तालुक्यात येलदरीचे धरण १९६८मध्ये पुरे झाले. गोदावरीवर पैठणला जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी त्याचे लोकार्पण केले. सुमारे ३५० चौरस किलोमीटरांचा नाथसागर उभा राहिला, शंभराहून अधिक गावे विस्थापित झाली, आणि २०८ किलोमीटरांचा डावा कालवा परभणी जिल्ह्याकडे पाणी घेऊन आला. मधल्या काळात १९७२च्या दुष्काळात रोजगाराच्या कामांतून पाझर तलाव खोदले गेले. आज माळाला लागून जे गवताळ तलाव आपण पाहतो, त्यांतले बरेच त्या दुष्काळाची लेकरे आहेत.

जमीन नव्याने पाण्याखाली गेली की पहिली काही वर्षे मासे अमाप येतात, हे जगभर दिसले आहे. बुडालेली झाडे, पिकांची मुळे, शेणखत यांतले सत्त्व पाण्यात उतरते. त्यावर सूक्ष्म जीव, त्यावर मासे. मग साठा ओसरतो आणि उत्पादन खाली येते. मराठवाड्यात याला एक वार्षिक पुरवणी आहे. उन्हाळ्यात धरणाचे पाणी मागे हटले की उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीत पीक घेतात. पुढच्या पुरात ती धसकटे, ते गवत पुन्हा बुडते. पाणी चढत असताना मासे त्या नव्या कडेकडे धाव घेतात. ‘चढणीचे मासे’ हा आपला शब्द याच हालचालीचा. पहिल्या पावसाच्या लोंढ्यात विणीसाठी ओढ्यावर आणि शेतात चढणारे मासे, आणि कंदील-काठ्या घेऊन त्यांच्या वाटेवर उभी असलेली माणसे.

धरणांबरोबर मासाही नवा आला. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधुरी यांना अंतःस्राव टोचून कार्प माशांना विणायला लावण्यात यश आले. त्यानंतर रोहू, कटला, मृगळ यांचे बीज हवे तेवढे तयार होऊ लागले आणि गंगेचे हे मासे दख्खनच्या प्रत्येक जलाशयात पोचले. सहकारी संस्थांच्या ठेक्यांचा हिशेब याच माशांवर बसतो: इतके बीज सोडले, इतके किलो निघाले. त्या हिशेबात मरळ म्हणजे बीज खाणारी चोर. सोमेश्वराचे चारा घालण्याचे शास्त्र असे राजवाड्यातून सरकारी कचेरीत आले. शोधण्याचे शास्त्र मात्र कुठल्याच कागदावर आले नाही.

परक्या पाण्यात

हीच विद्या दुसरीकडे कशी वाढली, ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत मरळीच्या जागी बास आहे. तोही गवताच्या कडेला दबा धरतो, तोही पिल्ले राखतो. २ जून १९३२ रोजी जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी याने माँटगोमेरी नावाच्या तळ्यात दहा किलोंहून थोडा अधिक वजनाचा बास पकडला. ते तळे म्हणजे ओकमल्गी नदीचा तुटून राहिलेला जुना फाटा, पुराने भरणारे दलदलीचे पाणी. मंदीच्या काळातला तो शेतकरी. मासा घरी खाल्ला गेला. त्या विक्रमाची बरोबरी व्हायला २००९ साल उजाडावे लागले, आणि ती झाली जपानच्या बिवा सरोवरात.

बिवामध्ये बास परका आहे. त्याने तिथल्या मूळ माशांवर एवढा ताण आणला की शिगा प्रांताने २००३पासून, पकडलेला बास पुन्हा पाण्यात सोडण्यास बंदी केली. आणि आपली मरळ? ती २००० साली फ्लोरिडातल्या टॅमरॅक गावाच्या पाण्यात सापडली. आता तिथल्या कालव्यांत ती बासच्या शेजारी राहते. तिला शोधायचे कसे, याची चर्चा तिथले हौशी लोक करतात: बुडबुडे पाहा, गवताची कड धरा, तांबड्या पिल्लांचा घोळका दिसला तर त्याखाली पाहा. गोदाकाठची विद्या अटलांटिकच्या काठी नव्याने शोधली गेली. तिथे ती मारलीच पाहिजे, कारण तिथे ती उपरी आहे. इथे ती घरची आहे. युक्ती एकच असली तरी तिच्यामागचे कर्तव्य पाण्यागणिक बदलते.

कड राखणे

राजाने मासा बोलावला, कर्नलने त्याचे नाव लिहून घेतले, कलेक्टरने त्याच्या तळ्याचे पुस्तक केले. या तिघांच्याही कामात काठावरच्या माणसाचे ज्ञान होते आणि तिघांच्याही पानांवर तो माणूस नाही. पण मला अधिक काळजी वाटते ती श्रेयाची नाही, सातत्याची. भोई समाजातली तरुण मुले पुण्याला, संभाजीनगरला कामाला जातात, आणि जाऊ नयेत असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण ज्याने आटलेले तळे पायाखाली घातले आहे असा माणूस उरला नाही, तर भरलेल्या तळ्याचे वाचन करणारा कोणी राहणार नाही.

दुसरी काळजी तळ्याच्या कडेची. २०१७पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तलावांचा गाळ काढून शेतात नेला जातो. शेतकऱ्याला ते हवे आहे आणि साठवण वाढते, यात वाद नाही. गावतळ्यांच्या सुशोभीकरणातही लोकांची हौस असते. पण दोन्ही कामांत यंत्र पहिल्यांदा फिरते ते उथळ काठावर, लव्हाळ्यावर आणि कमळांवर. तळे खोल आणि चौकोनी होते, काठाला दगडी पिचिंग बसते, पाणी आरशासारखे दिसते. त्या आरशात मरळीला अंडी घालायला जागा नसते. बाहेरून आलेली जलपर्णी आणि काठावर माजलेली बेशरम काढलीच पाहिजे. पण लव्हाळा, पाणकणीस आणि कमळ म्हणजे घाण नव्हे. पुष्करिणी या शब्दाचा तो अर्धा अर्थ आहे.

करायचे ते फार नाही. गाळ काढताना तळ्याची एक बाजू, निदान ओढा येतो ती, उतरती आणि गवताळ ठेवता येईल. आषाढ ते भाद्रपद पिल्लांवरची मरळ मारायची नाही, असा ठराव ग्रामसभा आणि मच्छीमार संस्था मिळून करू शकतील. अशोकाच्या लेखातही याहून अवघड काही मागितलेले नाही. आणि एखाद्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाने उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन जुन्या भोयांबरोबर आटलेले एकेक तळे चालून काढावे. ओढ्याची वाट, विहिरीचे तोंड, मरळीची जागा यांचा नकाशा करावा, आणि त्याच्या कोपऱ्यात सांगणाऱ्याचे नाव, त्याची हरकत नसेल तर, पूर्ण लिहावे.